शटर सहा बारा, आतलं दार सहा बावन्न

१२ फेब्रुवारी

ही वही टेलिफोन एक्स्चेंजची आहे. पानांवर रकाने छापलेले आहेत: वेळ, नंबर, तक्रार, केलेली दुरुस्ती. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मी गुपचूप ही कोरी नोंदवही पर्समध्ये सरकवली. एकतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली, एक वही माझ्या वाटणीला यायला हरकत नव्हती. नऊ वर्षं कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज तक्रारही आहे आणि दुरुस्तीही डोक्यात आहे.

तक्रार: गॅरेजचं शटर. स्प्रिंग गेली आहे. मी आणि सूनबाई, दोघींनी दात-ओठ खाऊन उचललं तर कमरेपर्यंत येतं आणि तिथे रुसून बसतं. त्यामुळे गाडी दोन गल्ल्या पलीकडे, पाण्याच्या टाकीपाशी लावावी लागते. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते, दिवसभर उभी असते. संध्याकाळी धुक्यातून दहा मिनिटं चालत येते, केस ओले, नाक लाल. "आले, आई," म्हणते आणि पाय लांब करून बसते. मग आम्ही चहा पितो आणि बोलण्यासारखं काही नसतं.

दुरुस्ती: गॅरेजच्या माळ्यावर एक खोकं सापडलं. माझ्या लेकाचं. घरात त्याला आम्ही खटपट्या म्हणायचो. तो जाऊन तीन वर्षं झाली. साधा ताप म्हणून दवाखान्यात गेला आणि पाचव्या दिवशी आम्ही दोघीच परत आलो. खोक्यात शटरची मोटर, अजून प्लॅस्टिकमध्ये. वायरींची गुंडाळी. आणि पत्त्यांच्या जोडाएवढा एक हिरवा कॉम्प्युटर, त्याला ना पडदा ना बटणं. वर त्याच्या अक्षरात चिठ्ठी: "शटर आपोआप. आईला आधी सांगायचं नाही, लगेच मलाच शिकवायला लागेल."

शिकवायला लागेल म्हणे! गाढव कुठला. चिठ्ठी हातात धरून मी पायरीवर बसले. झरोक्यातून उन्हाची एक पट्टी येत होती, तिच्यात धूळ तरंगत होती. किती वेळ गेला ते कळलं नाही, उठले तेव्हा पट्टी भिंतीवर चढली होती.

१३ फेब्रुवारी

हे मीच पुरं करणार.

वहीत खरं लिहायचं असतं म्हणून लिहिते. ती पस्तिशीची आहे. इथे तिला धरून ठेवणारं काय आहे? एक म्हातारी आणि एक बंद शटर. घरी येणं असं त्रासाचं ठेवलं तर एक दिवस ती यायचीच नाही. म्हणून ते शटर आपलं आपण वर गेलं पाहिजे, ती गल्लीच्या तोंडाशी आली की. मग बघू कशी जाते.

१९ फेब्रुवारी

रेडिओवाल्यांकडे गेले. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता हे असले हिरवे तुकडे विकतात आणि शिकवतात. एका कानाने ठार बहिरे आहेत, त्यामुळे सगळं ओरडून बोलतात. मला अजून ऑपरेटरबाई म्हणतात.

"ऑपरेटरबाई, तुम्ही कॉम्प्युटर करणार? या वयात?"

"तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे मी. दाखवा."

दाखवलं. तो तुकडा त्यांच्या पडद्याला जोडला आणि खटपट्याचं लिखाण समोर आलं. अर्धवट होतं, पण नीटनेटकं. मध्येच एक यादी होती, कुणाचे फोन जवळ आले तर शटर उघडायचं त्याची. तीन ओळी: मी, ती, आई.

रेडिओवाले पहिल्यांदाच हळू बोलले. म्हणाले, "पोरगा हुशार होता हो."

काही ओळींच्या आधी जाळीसारखी खूण होती, #. ती काय म्हणून विचारलं. म्हणाले, ही खूण घातली की यंत्र ती ओळ वाचत नाही, उडी मारून पुढे जातं. ती फक्त माणसांसाठी असते. अशी एक ओळ त्याने लिहिली होती: "# आईला पाच सेकंद जास्त द्यायचे, ती दारात बोलत उभी राहते."

घरी येताना बस दोन थांबे पुढे गेल्यावर उतरले.

२ मार्च

दहा दिवस काही लिहिलं नाही कारण शिकत होते. शटरचा मिस्त्री येऊन स्प्रिंग आणि मोटर बसवून गेला. उरलेलं माझं. वायर सोलताना अंगठा सोलला. पण हे काम मला परकं वाटत नाही. एक वायर इकडून येते, एक तिकडून, मध्ये छोटासा खटका. खटका पडला की दोन्ही टोकं एक होतात. आम्ही दुसरं काय करत होतो?

व्यवस्था अशी. तिचा फोन घरच्या वायफायच्या टप्प्यात आला की शटर वर. गाडी आत आली, उंबऱ्यावर आडवा सोडलेला, गाडीने अडलेला लाल किरण मोकळा झाला, की शटर खाली. गॅरेजमधला दिवा तोवर लागलेला राहतो. तिथून स्वयंपाकघरात यायचं जे आतलं दार आहे त्याला लोहचुंबक लावलं आहे, ते दार उघडलं की दिवा आपोआप बंद. आणि प्रत्येक गोष्टीची वेळ यंत्र स्वतः लिहून ठेवतं. त्यालाही नोंदवही आहे. मला हे फार आवडलं.

४ मार्च

फजिती. आंघोळीला जाताना तिने फोन बंद करून चालू केला. यंत्राला वाटलं, आली! सकाळी आठला शटर दिमाखात वर गेलं. आत मी, पायजम्यात, हातात तेलाची बाटली, आणि बाहेर पोस्टमन. तो म्हणाला, "वा, स्वागताला उभ्या?" मी म्हटलं, "पत्र द्या आणि चालू लागा."

तिला सांगितलं तेव्हा ती हसली. ओठांनीच, पण हसली. मग मी ओळ दुरुस्त केली: फोन किमान तासभर बाहेर असला तरच आलेला धरायचा.

६ मार्च

चाललं! ती आली, शटर गेलं वर, गाडी आत, शटर खाली. आवाज म्हणाल तर मांजर उडी मारतं तेवढा, सगळ्या पट्ट्यांना ग्रीस लावलंय मी. तिने गाडीतून उतरून शटरवर हात फिरवला. मग माझ्याजवळ आली. वाटलं काही बोलेल. तिने माझा सोललेला अंगठा हातात घेतला आणि म्हणाली, "आई, तुम्ही म्हणजे ना..." रात्री जेवताना दोघींनी पावाचा एकेक तुकडा जास्त खाल्ला.

आता कुठे जातेस बघते!

११ मार्च

आज जेवताना तिने दुकानातली गोष्ट सांगितली. भूगोलाचे एक मास्तर आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला माणूस. त्यांच्या चष्म्याचा स्क्रू सैल होतो. महिन्यात चार वेळा आले. ही घट्ट करून देते, आठवड्यात परत सैल.

"असला कसला धांदरट माणूस?" मी म्हटलं. "पोरांना नकाशा शिकवतो आणि स्वतःचा चष्मा सांभाळता येत नाही?"

ती म्हणाली, "स्क्रूच तसा आहे, आई," आणि ताटं उचलायला लागली. अजून माझं जेवण व्हायचं होतं.

१४ मार्च

यंत्राची नोंदवही वाचली, आणि घोळ आहे.

शटर उघडलं: ६:१२. बंद: ६:१३. आतलं दार: ६:५२.

म्हणजे काय? गाडी आत आल्यापासून दारापर्यंत सात पावलं आहेत. सात पावलांना एकोणचाळीस मिनिटं? काल छत्तीस. परवा एक्केचाळीस. मी तेव्हा वर गच्चीत कुंड्यांपाशी असते, खाली येते तर ती नुकतीच आत आलेली असते. "आज उशीर झाला गं?" म्हटलं तर म्हणते, "रस्ता खणलाय, आई." मग बरोबरच आहे. ती आली सहा बावन्नलाच. शटरची वेळ चुकते आहे.

१५ मार्च

दुपारभर तपासलं. मी शटर उघडलं तर वेळ बरोबर. मी आतलं दार उघडलं तर तेही बरोबर. वीस वेळा आत-बाहेर केलं, गुडघे बोलायला लागले. माझ्यासमोर यंत्र शहाण्यासारखं वागतं, ती आली की बिघडतं. शाळेतल्या पोरासारखं.

रेडिओवाल्यांना फोन केला. ते ओरडले, "ऑपरेटरबाई, यंत्र खोटं बोलत नाही! त्याला तेवढी अक्कल नसते!"

"मग?"

आवाज उतरवून म्हणाले, "ती गाडीत बसून राहत असेल. माणूस बसतं कधी कधी."

"एकोणचाळीस मिनिटं? कशाला? घरात खुर्च्या नाहीत?"

"राहू द्या," ते म्हणाले. "चुंबक बदलून बघा."

चुंबक बदललं.

१८ मार्च

नवीन चुंबक, तोच घोळ. आज चव्वेचाळीस मिनिटं.

दुपारी डोळा लागला तर स्वप्नात मी परत एक्स्चेंजच्या बोर्डावर. समोर नेहमीसारखी भोकांची भिंत, प्रत्येकावर छोटा दिवा, आणि सगळे दिवे एकदम लागलेले. कानात ती जुनी गुणगुण, लाइन रिकामी असताना येते ती. मी दोरी उचलली आणि एका भोकात घातली तर ते भोक म्हणजे आमचं गॅरेज. आत पिवळा उजेड. कुणीतरी बोलत होतं, पण आमच्या मुख्य बाई मागे उभ्या. खांद्यावर बोट ठेवून नेहमीचं वाक्य म्हणाल्या, "जोडा आणि सुटा." म्हणजे दोन माणसं जोडली की आपली किल्ली खाली करायची, ऐकत बसायचं नाही. एकतीस वर्षं मी हे पाळलं. शेजारणीच्या लग्नाची बोलणी माझ्या हातून गेली, पण मला कळलं पत्रिका आल्यावर.

जाग आली तेव्हा खोलीत सावल्या लांब झाल्या होत्या आणि हात हवेत होता, दोरी धरल्यासारखा.

ता.क. मास्तरांच्या चष्म्याबद्दल ती आताशा काही बोलत नाही. दुसरीकडे जात असतील.

२२ मार्च

काय लिहू?

आज मी ठरवलं की प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचं, यंत्र चुकतं कुठे. साडेपाचला गॅरेजमध्ये गेले, जुन्या कपाटामागे मोडकी आरामखुर्ची आहे तिच्यात बसले. तिथून आतल्या दाराचं चुंबक नीट दिसतं. बाहेर धुकं, आत ग्रीसचा आणि जुन्या रबराचा वास. खटपट्या याच खुर्चीत बसून काहीबाही सोलत असायचा. मला गुंगी आली.

डोळे उघडले तर शटर वर जात होतं. खालून उजेडाची रेघ आली, रुंद होत गेली, गाडीचे दिवे माझ्या पायापर्यंत आले आणि थांबले. शटर खाली. वरचा दिवा लागला. ती उतरली नाही. तिने खिडकीची काच खाली केली, चपला काढल्या, पाय सीटवर घेतले आणि फोन कानाला लावला. आणि हसली.

असं नाही की मला तिचं हसू माहीत नव्हतं. विसरले होते. ती आधी नाकातून हसते, मग आवाज फुटतो. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली तेव्हा अशी हसली होती आणि खटपट्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या होत्या.

मग ती म्हणाली, "पुरे मास्तर, पोट दुखलं." आणि जरा वेळाने, हळू, "नाही, अजून नाही सांगितलं. कसं सांगू? माझ्यासाठी हे दार बनवलंय हो त्यांनी."

तेवढंच ऐकलं. शपथेवर लिहिते, तेवढंच. मी दोन्ही कानांत बोटं घातली. आता उठले तर तिला वाटेल चोरून ऐकत होते, आणि बसून राहिले तर खरंच ऐकत राहीन. म्हणून बोटं घातली आणि बसले. कानात आपलंच रक्त वाहताना समुद्रासारखं ऐकू येतं. कपाटाच्या फटीतून तिचा एक हात दिसत होता, खिडकीबाहेर सोडलेला, बोलण्याबरोबर हलत होता. पिवळ्या उजेडात तो हात मी एकोणचाळीस मिनिटं बघितला. दंड भरून आले पण बोटं काढली नाहीत.

ती आत गेली, दिवा गेला. मी अंधारात चाचपडत मोटरचं बटण दाबून शटर वर केलं, गल्लीतून फिरून पुढच्या दाराने घरात आले. "कुठे होतात, आई?" "फिरायला." पायात घरातल्या चपला, झग्याला ग्रीस.

२३ मार्च

मास्तर म्हणजे कुणीही असू शकतं. जगात मास्तर काय थोडे आहेत?

२४ मार्च

नोंद: यंत्र बंद. मोटरची वायर निसटली. निसटते कधी कधी.

ती आली, शटर हललं नाही. गाडी टाकीपाशी लावून चालत आली. सहा पंचवीसला समोर हजर. चहा प्यायलो. बोलण्यासारखं काही नव्हतं.

२६ मार्च

अजून बंद. ती विचारते, "सुट्टा भाग मिळत नाहीये का, आई?" मी म्हणते, "रेडिओवाल्यांनी मागवलाय." रेडिओवाल्यांना यातलं काही माहीत नाही. ती मान हलवते. तिचा चेहरा दिवा काढलेल्या खोलीसारखा झालाय. पण घरात असते. वेळेवर असते. हेच तर हवं होतं ना मला?

मग जेवण का जात नाही?

२८ मार्च

आज तिने शटर हाताने उचलायचा प्रयत्न केला. मी गच्चीत होते. मोटर बसवल्यावर ते हाताने उचललं तर गिअर अडून राहतो आणि पट्टी झटका मारते. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. मनगटाला लागलं. उजव्या. काचा घासायच्या हाताला.

हाड शाबूत आहे, मुका मार. मी बर्फ लावत होते आणि ती मलाच समजावत होती: "असू द्या आई, माझीच चूक. दार नाही चाललं तरी चालेल. तुम्ही इतकी मेहनत घेतलीत, तेवढं पुरे आहे मला."

माझ्याने तिच्याकडे बघवेना. ती झोपल्यावर नाही, तिच्यासमोरच मी उठले, गॅरेजमध्ये गेले आणि वायर जोडली. एक स्क्रू. अर्धं मिनिट लागलं.

एकतीस वर्षांत मी चालू लाइन एकदाही कापली नाही. भांडणं चालू होती, तिकडून शिव्या, इकडून रडणं, वरच्या साहेबांचा कॉल ताटकळत होता, तरी कापली नाही. आणि चार दिवसांपूर्वी माझ्याच घरात कापली. वही, हे तुझ्यात लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहू?

३० मार्च

जेवताना मी विचारलं, "त्या मास्तरांच्या चष्म्याचा स्क्रू अजून सैलच आहे का गं?"

तिच्या डाव्या हातातला चमचा सूपच्या वाटीत पडला. डावा, कारण उजव्याला पट्टी.

"आई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या शटरने. सहा बारा आणि सहा बावन्न. आणि त्या दिवशी मी कपाटामागे होते. बसल्या बसल्या डोळा लागला होता. दोन वाक्यं ऐकली, पुढे कानात बोटं घातली. हवं तर खुर्ची बघ, अजून तिथेच आहे."

"एवढा वेळ? बोटं?"

"दंड दुखतायत अजून."

ती हसायला लागली, नाकातून आधी, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मग वायरीचंही सांगितलं. निसटली नव्हती, मी काढली होती. ती पट्टीचं टोक चाळवत म्हणाली, "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"स्क्रू टेबलावर पडलेला बघितला मी, पहिल्याच दिवशी. आई, दिवसभर स्क्रूच तर बघते."

"मग शटर उचललंस कशाला?"

"राग आला होता म्हणून."

बरोबर आहे. यायलाच हवा.

मग सगळं निघालं. मास्तरांची बदली झाली आहे, सहा तासांवरच्या गावी, जूनपासून. त्यांनी विचारलं आहे. हिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हणवत नाही. "तुम्हाला एकटीला टाकून कशी जाऊ?"

मी बोर्डावर तीन मिनिटांनी लोकांना सांगायचे, वेळ संपली, वाढवायची का? ते वाक्य ओठांवर आलं. म्हटलं, "तीन वर्षं झाली गं. माझी वेळ संपली. आता त्या मास्तरांना जोडून देते, बोला."

"आणि तुम्ही?"

"मी सुटते," म्हटलं. आणि मग मात्र मलाच रडू आलं, चांगलं मोठ्याने. ते काय लपवायचं.

१३ एप्रिल

मास्तर आले होते. उंच, वाकलेले, केस विरळ. मी चष्मा मागितला. स्क्रू बघितला तर चांगला घट्ट.

"हा तर ठणठणीत आहे," मी म्हटलं.

ते कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, "यायच्या आधी सैल करायचो."

असले लोक असतात जगात! मी त्यांना दुसरा कप चहा दिला. जाताना दारात उभे राहून खटपट्याच्या फोटोकडे बघत होते. घाईने नाही, नीट. मला ते आवडलं.

१८ मे

परवा लग्न झालं, कचेरीत, सह्या करून. रेडिओवाले साक्षीदार. अधिकाऱ्यांनी विचारलेलं त्यांना ऐकूच आलं नाही, पण "हो! हो! माझ्यासमोर!" असं ओरडले.

आज दुपारी मी यंत्र उघडून यादीशी बसले. खाली चौथी ओळ लिहिली: मास्तर. मग वरच्या ओळीशी आले. मी. म्हणजे तो. त्याचा फोन खणात आहे, तीन वर्षांपासून बंद. तो गल्लीच्या तोंडाशी येणार नाही, हे मला माहीत होतं, यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. ते रोज वाट बघत होतं. मी ओळ पुसली नाही. तिच्या आधी जाळीची ती एकच खूण घातली, #. यंत्र उडी मारून जाईल. मला वाचता येईल.

घर शांत होतं. झरोक्यातली पट्टी भिंतीवर चढत होती, मी ती वरपर्यंत जाताना पाहिली.

७ जून

आज गेली. गाडी सामानाने भरलेली, मास्तर पुढे नकाशा मांडीवर घेऊन. रस्ता एकच आहे, सरळ, पण नकाशा हवाच. तिने शटरपाशी गाडी थांबवली, उतरून परत आली.

"आई, माझा नंबर काढणार का आता त्यातून?"

"वेडी आहेस का? चालू लाइन ऑपरेटर कापत नाही."

तिने मला धरलं. आम्ही काहीबाही बोलत राहिलो, औषधं, गॅस, कुंड्या. शटर वर थांबून होतं. पाच सेकंद जास्त त्याने दिले होते, ते केव्हाच संपले, पण आम्ही लाल किरणात उभ्या होतो, त्यामुळे ते खाली आलं नाही.

२० जून

तेरा दिवस नोंदवही कोरी. शटर: काही नाही. आतलं दार: काही नाही. मी तिथे जातच नाही. संध्याकाळी सहाला गच्चीत मन लागत नाही.

फोन येतो रोज. बोलते भरपूर. मी तीन मिनिटं मोजत नाही.

६ जुलै

कुंड्यांना पाणी घालत होते. मांजर उडी मारतं तेवढा आवाज झाला. वाटलं, भास. या वेळी भास होतात मला. खाली जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आले तोच स्वयंपाकघरातून हाक आली, धापा टाकत, "आई! अहो आई, कुठे आहात?"

आता ती झोपली आहे, दिवाणावर, पाय लांब करून. दोन दिवस राहणार आहे. मास्तर पेपर तपासतायत, घरी. मी यंत्राची नोंद उतरवून घेते.

शटर: ६:१२.

आतलं दार: ६:१३.